“उगाच घाबरवताय” म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर: घरी कलर रोल धुताना नेमकं कशाला घाबरायचं

नमस्कार,

तुमची कमेंट काल रात्री वाचली आणि खरं सांगतो, आधी डोकंच फिरलं, म्हणून लगेच काही लिहिलं नाही. सकाळी चहा घेता घेता परत वाचली तेव्हा निम्मी पटली. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, तुमचं म्हणणं असं की कलर फिल्मचा रोल घरी धुताना, म्हणजे रसायनांत घालून त्याची निगेटिव्ह काढताना, होणाऱ्या चुकांची मी जी जंत्री दिली ती वाचून नवीन माणूस टँकच (फिल्म धुवायचा बंद डबा) विकत घेणार नाही, तापमानाचं मी नसतं स्तोम माजवलंय, तुम्ही स्वतः थर्मामीटर न वापरता “हाताला कोमट-गरम” अशा अंदाजाने सहा रोल धुतलेत, आणि रंग हलले तर ते स्कॅन केल्यावर सरळ करता येतात. शिवाय एक रोल मातकट, काळपट आला तो फिल्म जुनी होती म्हणून.

जंत्रीचं मान्य. चौदा चुका एकाखाली एक टाकल्या आणि सगळ्यांना सारखंच वजन दिलं. रील (टँकमध्ये फिल्म जिच्यावर गुंडाळतात ती फिरकी) ओली असेल तर फिल्म अडकते, स्टॅबिलायझरनंतर (रंग टिकवणारं शेवटचं रसायन) परत नळाखाली धरू नका, डेव्हलपरचं (चित्र उमटवणारं पहिलं रसायन) तापमान पाळा, हे सगळं एकाच सुरात. वाचणाऱ्याला काय कळणार की यातली कुठली चूक रोल कायमचा घालवते आणि कुठलीने नुसते पाण्याचे डाग पडतात? आणि शेवटपर्यंत ३७.८ डिग्री सांभाळा असं जे मी लिहिलं होतं ते चूकच होतं, ब्लिक्सला (ब्लीच आणि फिक्सर एकत्र, डेव्हलपरनंतर फिल्ममधली चांदी काढणारं) दोन-तीन डिग्री इकडेतिकडे आरामात चालतं. तिथे तुम्ही मला बरोबर पकडलंत, दुरुस्त करतो.

पण डेव्हलपरच्या बाबतीत मी मागे हटणार नाही. सगळा खेळ त्या ३ मिनिटं १५ सेकंदांचा आहे (टँक रिकामा करायला लागतात ते दहाएक सेकंदही त्यातच धरायचे, हे बरेच जण विसरतात). कोडॅकने १९७२ मध्ये सी-४१ (कलर निगेटिव्ह धुवायची ही पद्धत) आणलं तेव्हापासून डेव्हलपरचा आकडा तोच आहे, ३७.८, आणि लॅबसाठी सूट किती तर ०.१५ डिग्री. घरी एवढं कोणाला जमत नाही, मलाही नाही, अर्ध्या डिग्रीने काही आभाळ कोसळत नाही. पण आकडा एवढा कडक का हे बघा. कलर फिल्ममध्ये एकावर एक तीन थर असतात, वरचा निळ्या उजेडाचा, मधला हिरव्याचा, तळाचा लाल उजेडाचा, आणि डेव्हलपरला वरून झिरपत खालपर्यंत पोचायचं असतं. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये गार डेव्हलपर म्हणजे थोडी फिकी निगेटिव्ह, वेळ वाढवली की झालं. इथे तापमान घसरलं की तिन्ही थर सारखे मागे पडत नाहीत, एक जास्त मागे राहतो, एक कमी.

आता तुमचा स्कॅनचा मुद्दा. सगळा फोटो सारखाच हिरवा किंवा सारखाच पिवळा आला असेल तर हो, स्लायडर ओढला की सरळ होतो, वाद नाही. पण थर वेगवेगळे बिघडले की सावल्या एका रंगाकडे झुकतात आणि उजेडाची बाजू दुसऱ्याकडे. माझा पहिला रोल असाच गेला. थर्मामीटर टबच्या पाण्यात होता, तो ३८ दाखवत होता, मी खूश, आणि डेव्हलपर होता जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत, नुकताच ठेवलेला, त्याचं तापमान मोजायचं डोक्यातच आलं नाही. वर टँक आणि रील गार, प्रीसोक (डेव्हलपरआधी फिल्म कोमट पाण्यात भिजवणं) केलाच नव्हता. स्कॅनमध्ये एका फ्रेमवर माझी बहीण खिडकीत बसलेली, खिडकीकडचा गाल गुलाबी आणि कानामागची सावली शेवाळासारखी हिरवी. हिरवा कमी केला की गाल आणखी गुलाबी, गुलाबी कमी केला की सावली आणखी हिरवी. दोन तास घालवले आणि शेवटी फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून टाकला. स्कॅनमध्ये प्रत्येक रंगाचे कर्व्ह वेगवेगळे ओढून थोडंफार झाकता येतं, पण छत्तीस फ्रेम तसं करत बसायचं म्हणजे शिक्षाच.

तुम्ही म्हणाल माझे सहा रोल कसे आले मग. आले असतील, हाताचा अंदाज कधी बरोबर बसतोच. आणि काही किटच्या पत्रकात ३० डिग्रीला आठ मिनिटं असंही दिलेलं असतं, ते बघूनही तुम्ही म्हणत असाल की तापमानाचं एवढं काय. पण तिथेसुद्धा आकडा ठरलेला आहे आणि वेळ त्याला बांधलेली आहे. “कोमट-गरम” ला किती मिनिटं द्यायची हे कुठल्याच पत्रकात नाही. एक थर्मामीटर घ्या आणि तो बाटलीत, डेव्हलपरमध्ये बुडवा, टबमध्ये नाही. बस, एवढंच मागणं आहे.

आणखी एक, जाता जाता तुम्ही लिहिलंय की सगळ्याला एकच फनेल वापरता. डेव्हलपर ब्लिक्समध्ये थोडा गेला तर फार बिघडत नाही, पण ब्लिक्सचे थेंब डेव्हलपरच्या बाटलीत गेले की डेव्हलपर कामातून गेला, कारण ब्लीचचं कामच मुळी ऑक्सिडाइझ करणं. दोन फनेल ठेवा, एकावर चिकटपट्टी लावा.

डेव्हलपर ओतून झाला आणि ब्लिक्स आत गेलं की मात्र तुमचंच खरं, निवांत व्हा. झाकण हळूच उघडून गॅस सोडायचा, नाहीतर टँक हातात असताना फुसकन झाकण उडतं आणि त्या पाण्याचे डाग कपड्यांवरून जात नाहीत, एवढं सांभाळलं की बाकी घाईगडबडीचं काही नाही. वेळ जास्त झाला तर चालतो, कमी झाला तर परत करता येतं.

आणि म्हणूनच तुमच्या त्या मातकट रोलबद्दल बोलायचंय. जुन्या फिल्मनेही निगेटिव्ह धूसर होते हे खरं, पण तुम्ही जे वर्णन केलंय, निगेटिव्ह जाड, उजेडात धरली तर केशरीऐवजी राखाडी-तपकिरी, स्कॅन दाणेदार आणि रंग उडालेले, आणि तो त्या किटमधला शेवटचा रोल, हे वाचून मला फिल्मपेक्षा ब्लिक्सचा संशय येतो. ब्लिक्समध्ये ब्लीच आणि फिक्सर एकाच बाटलीत असतात आणि ते एकमेकांना खात बसतात, त्यामुळे बाटली नुसती पडून राहिली तरी कमजोर होते. मग फिल्ममधली चांदी पूर्ण निघत नाही आणि रंगांवर तिचा राखाडी थर बसून राहतो. रंग खाली शाबूत असतात!

तो रोल फेकला नसेल तर कोरड्या रीलवर परत चढवा, उजेडात चढवला तरी चालेल, कोमट पाण्यात दोन मिनिटं भिजवा आणि ताज्या ब्लिक्समध्ये पूर्ण वेळ, वर दोन मिनिटं जास्तीची, हलवत हलवत काढा, मग नीट धुऊन शेवटी स्टॅबिलायझर. पट्ट्या कापल्या असतील तर एकच पट्टी आधी करून बघा. काय निघतं ते इथेच सांगा, फिल्मच जुनी निघाली तर तसंही सांगा, मी जंत्रीत पंधरावी चूक म्हणून माझंच नाव घालीन.