तेलाची फडकी पिशवीत बांधून ठेवायला सांगणारा मेसेज

‘पावसाळ्यापूर्वी सागवानी फर्निचर असं जपा, हजारो रुपये वाचवा’ असा एक मेसेज मे महिन्यात मला चार वेगवेगळ्या ग्रुपवर आला. मी वाचून सोडून दिला. मग तो ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या मामाकडे पोचला आणि मामाने तो जसाच्या तसा अमलात आणला, म्हणून आता लिहायला बसले आहे.

मेसेजमध्ये थोडक्यात हे आहे. बाहेरच्या फर्निचरला व्हार्निश लावू नका, तेल लावा. बाजारातलं टीक ऑइल सागाच्या लाकडातून काढतात, पण कंपन्या त्यात भेसळ करतात. त्यापेक्षा हार्डवेअरच्या दुकानातून डबल बॉइल्ड अळशीचं तेल आणा. सढळ हाताने लावा, रात्रभर मुरू द्या. अळशीचं नसेल तर घरचं खोबरेलही तेच काम करतं. एकदा तेल लावलं की ऊन-पावसात बिनधास्त बाहेर ठेवा. पायांना गॅरेजमधलं जळकं इंजिन ऑइल फासा, वाळवी फिरकणार नाही. आणि शेवटी, तेल लागलेली फडकी टाकू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा, पुढच्या वर्षी कामाला येतील.

शेवटापासून सुरुवात करते. बाकीच्या सल्ल्यांनी फार तर फर्निचर बिघडेल, या सल्ल्याने घर पेटू शकतं.

मामाच्या गच्चीवर आजोबांच्या वेळचा सागवानी झोपाळा आहे. पितळी कड्या, बसून बसून मधोमध गुळगुळीत झालेला पाट. रविवारी सकाळी मामाने त्याला तेल लावलं. संध्याकाळी मी गेले तेव्हा दोन जुने पंचे आणि एक बनियन भाजीच्या पातळ पिशवीत बांधून जिन्याखाली रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवलेले होते. त्याच्या बरोबर वर मीटर बोर्ड. उग्र वास येत होता, ऑइलपेंट तापल्यासारखा. पिशवी उचलली तर हाताला गरम लागली. गाठ सोडून आत हात घातला, तर मधला पंचा नुकत्याच इस्त्री केलेल्या कपड्यासारखा तापलेला. त्या जिन्याखाली दिवसभरात कधीच ऊन येत नाही.

“मामा, ही पिशवी कधी ठेवलीस?”

“अगं, जेवायच्या आधी. त्यात लिहिलंय ना, घट्ट बांधा म्हणून.”

अळशीचं तेल वाळतं ते पाण्यासारखं उडून जाऊन नव्हे. ते हवेतला ऑक्सिजन घेतं, त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि घट्ट पापुद्रा तयार होतो. हे होताना उष्णता बाहेर पडते. पाटावर तेलाचा पातळ थर असतो, उष्णता हवेत निघून जाते, आपल्याला पत्ताही लागत नाही. फडक्यात तेच तेल असंख्य धाग्यांवर पसरलेलं असतं, त्यामुळे हवा लागायला जागा कितीतरी जास्त. आणि बोळा करून ठेवला की आतली उष्णता आतच कोंडते. ती कोंडली की तेल आणखी वेगाने ऑक्सिजन घेतं, आणखी तापतं, आणि एका टप्प्यावर सुती कापड आपोआप पेट घेतं. ठिणगी लागत नाही, काडी लागत नाही. डबल बॉइल्ड तेलात ते लवकर वाळावं म्हणून कोबाल्ट, मँगनीज अशा धातूंचे क्षार घातलेले असतात. म्हणजे कच्च्या तेलाला वेळ लागतो ते काम इथे काही तासांत होतं.

हे कोणाला पुस्तकी वाटत असेल तर अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात काय झालं ते वाचा. वन मेरिडियन प्लाझा ही ३८ मजल्यांची कार्यालयीन इमारत. २३ फेब्रुवारी १९९१ ला, शनिवारी रात्री, २२व्या मजल्यावर आग लागली. तिथे लाकडी पॅनेलांना नव्याने तेल-पॉलिश करायचं काम चालू होतं आणि कामगारांनी अळशीच्या तेलाची फडकी तिथेच टाकून ठेवली होती. आग त्या फडक्यांतून सुरू झाली. ती सुमारे १९ तास जळत राहिली, वरचे मजले एकामागून एक गेले, अग्निशमन दलाचे तीन जवान मेले. ३०व्या मजल्यावर स्प्रिंकलर, म्हणजे आगीत आपोआप पाणी फवारणारे नळ होते, तिथे ती थांबली. इमारत पुन्हा वापरात आलीच नाही, शेवटी पाडावी लागली. घोडबंदर रोडला आज तेवढ्या उंचीच्या इमारती उभ्या आहेत, आणि त्यांच्या डक्टमध्ये, जिन्यांत, मीटर रूममध्ये लोक काय काय रचून ठेवतात ते आपण सगळे रोज बघतो.

मेसेज लिहिणाऱ्याला कुठून तरी अर्धी गोष्ट कळलेली असावी, एवढं मान्य करते. सुतारकामाच्या मोठ्या वर्कशॉपमध्ये अशी फडकी झाकणाच्या धातूच्या डब्यात टाकतात, तेही रोज रिकाम्या होणाऱ्या. हवाच मिळाली नाही तर तेल तापणार कसं, हा त्यामागचा विचार. पण भाजीची पिशवी म्हणजे तसा डबा नव्हे. तिच्यात तेल तापायला पुरेल इतकी हवा असते आणि उष्णता बाहेर पडू नये इतकी ऊब.

“आमच्या घरी देवघरातली तेलकट फडकी वर्षानुवर्षं डब्यात असतात, कधी काही झालं नाही,” असं मामी म्हणाली. बरोबर आहे. ते तेल खोबरेल किंवा तिळाचं असतं; ती अळशीसारखी भरभर वाळत नाहीत, म्हणून सहसा तशी तापतही नाहीत. अळशीला हा नियम लावू नका.

करायचं एवढंच: काम झालं की प्रत्येक फडकं उलगडून उघड्यावर, दोरीवर एकेरी पसरायचं. एकावर एक टाकायचं नाही. पूर्ण कडक झालं की कचऱ्यात द्यायचं. जागा नसेल तर पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावायचं. मामाची फडकी मी आधी बादलीत बुडवली, मग गच्चीतल्या दोरीवर घातली. पुढे ती पापडासारखी कडक झाली, दुमडली की कड मोडायची.

आता बाकीचं.

खोबरेल. तेल वाळणार की नाही हे त्याच्या आयोडीन मूल्यावरून, म्हणजे ते किती आयोडीन शोषतं या आकड्यावरून कळतं. साधारण १३० च्या वरची तेलं नीट वाळतात. अळशीचं १७० च्या पुढे असतं, मोहरीचं आणि शेंगदाण्याचं १०० च्या आसपास, खोबरेलाचं १० च्या आसपास. खोबरेल लावलेला बाक वर्षभर ठेवलात तरी वाळणार नाही. धूळ धरेल, बसणाऱ्याच्या कपड्यांना लागेल आणि पहिल्या मोठ्या सरीत निम्मं धुऊन जाईल. डोक्याला लावा, बाकाला नको.

टीक ऑइल सागातून काढतात हे साफ चुकीचं आहे. ते सागासाठी विकलं जाणारं तेल आहे. बहुतेक डब्यांत अळशीचं किंवा टंग तेल (टंग झाडाच्या बियांचं, तेही वाळणारं), थोडं व्हार्निश आणि पातळ करायला मिनरल स्पिरिट असतं. प्रमाण प्रत्येकाचं वेगळं, त्यामुळे नावावर जाऊ नका, डब्यावरचा मजकूर वाचा. बाहेरच्या वापरासाठी आहे का, बुरशीरोधक आहे का, रंगद्रव्य आहे का, हे बघा.

‘सढळ हाताने लावा, रात्रभर मुरू द्या’ यानेच मामाचा झोपाळा चिकट झाला. सागाच्या गाभ्यात स्वतःचं तेल असतं, ते लाकूड बाहेरचं फारसं पीत नाही. उरलेलं तेल वर साचतं, वरून साय धरते, खाली ओलंच राहतं. योग्य रीत म्हणजे पातळ हात मारायचा, १५-२० मिनिटं थांबायचं, उरलेलं सगळं कोरड्या फडक्याने पुसून काढायचं. ज्यांनी शाळेत असताना बॅटला अळशीचं तेल लावलंय त्यांना हे माहीत आहे. बॅट कधी तेलात भिजवली नव्हती आपण.

आणि बिनधास्त पावसात? ठाण्याच्या पावसात? अळशीच्या तेलाचा थर पाण्याची वाफ अडवण्यात फार कमजोर असतो. वर ते तेल बुरशीचं अन्न आहे. जुलैत जिथे कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे साध्या अळशीच्या तेलाने माखलेल्या लाकडावर काळे ठिपके येणारच.

व्हार्निश नको, हे मात्र त्यात बरोबर आहे. उघड्यावर व्हार्निशचा थर उन्हाने तडकतो, फटीतून पाणी आत जातं आणि पोपडे निघतात. खरं तर चांगल्या सागाला बाहेर काहीच लावलं नाही तरी चालतं. उन्हातल्या अतिनील किरणांनी वरचं लिग्निन, म्हणजे लाकडाचे तंतू धरून ठेवणारं द्रव्य, झिजतं आणि लाकूड करडं होतं, पण ती झीज अगदी वरवरची. अमेरिकी वनखात्याच्या प्रयोगशाळेच्या ‘वुड हँडबुक’मध्ये पाइनसारख्या लाकडांसाठी ती शतकाला सुमारे ६ मिलिमीटर दिली आहे, आणि घट्ट कठीण लाकडांची त्याहून कमी. तेल लावायचं ते रंग टिकावा म्हणून. त्यातही रंगद्रव्य असलेलं तेल जास्त टिकतं, कारण ते ऊन अडवतं.

जळक्या इंजिन ऑइलबद्दल फार बोलायची गरज नसावी. ते कधी वाळत नाही, त्यात इंजिनातली धातूची झीज आणि कर्करोगाशी संबंध असलेली हायड्रोकार्बनं असतात, पावसात ते बाकावरून खाली मातीत उतरतं. देशाच्या २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं तेल थेट यादीत आहे. ज्या बाकावर नातवंडं बसतात त्याच्या पायांना ते फासायचं? सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. लागते ती कडेच्या पांढुरक्या लाकडाला. आणि पाय ओल्या फरशीवर टेकू न देता खाली रबराचा तुकडा ठेवला तर निम्मं काम होतं.

तुमच्या घरी कोणी हा मेसेज वाचून तेल लावलं असेल, तर फडकी कुठे आहेत ते आत्ता उठून बघा.

मामाने स्वतःहून त्याच्या ग्रुपवर दोरीवरच्या फडक्यांचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘पिशवीत ठेवू नये, तापते, हात लावून पाहिले.’ झोपाळ्याचा वरचा भाग आम्ही टर्पेंटाइनने पुसून काढला. खालची बाजू अजून चिकट आहे. ती या शनिवारी पुसायची, आणि नवं तेल दिवाळीनंतर, लाकूड पुरतं सुकलं की.