पुट्टीला भाव नसतो

परवाच्या रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास मी आमच्या पत्र्याच्या गॅरेजात गाडीखाली उताणा पडलो होतो. गुडघ्यापासून पुढचे पाय बाहेर होते. पुढचा सगळा व्यवहार झाला तो या पायांसमोर. मला त्यात कुणी विचारलं नाही.

गाडीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण जास्त सांगायला लागलो की घरातले उठून जातात. १९९६ ची मारुती ८००. आतेभावाच्या सासऱ्यांची. सासरे गेले आणि गाडी नऊ वर्षं शेवग्याच्या झाडाखाली उभी राहिली. मी ती १५,००० रुपयांना घेतली आणि टोचन लावून साताऱ्याला आणली. गाडी दारात आली तेव्हा डिकीत उंदरांचं बिऱ्हाड होतं, वायरिंग त्यांनी खाल्लेलं होतं आणि टाकीतल्या पेट्रोलला वॉर्निशचा वास येत होता. इंजिन जाम. तिन्ही प्लग काढून भोकांत डिझेल ओतलं, दोन दिवस तसंच ठेवलं, मग पुलीच्या नटाला पाना लावून अंगातलं सगळं बळ काढलं. तिसऱ्या दिवशी ते कुरकुरत पाव फेरा फिरलं. त्या पाव फेऱ्यावर मी पुढचे सात महिने काढलेत.

तर मी खाली, हँडब्रेकच्या केबलशी झटापट करतोय. केबल गंजून नळीत चिकटलेली. जॅकवर माझा विश्वास नाही म्हणून शेजारी स्टेपनी आडवी सरकवलेली. (बारा इंची चाक. जॅक सुटलाच तर माझ्या आणि मोक्षाच्या मध्ये एवढंच.) इतक्यात गल्लीतून हाक आली, "भंगाऽऽर! लोखंड, पत्रा, रद्दीऽऽ!" मी लक्ष दिलं नाही. आईने दिलं.

आई ओट्यावर मेथी निवडत बसली होती. या भंगारवाल्याशी तिचा पंधरा वर्षांचा घरोबा आहे. रद्दी ती स्वतःच्या काट्यावर आधी तोलून ठेवते, तो त्याच्या काट्यावर तोलतो, आणि दोन काट्यांत जो फरक निघतो त्यावर दोघांचं अर्धा तास सुखाचं भांडण होतं. गाडा फाटकाशी थांबला.

"मावशी, ही पन काडायची का?"

"काढायचीच आहे रे. पण तो ऐकतोय कुठे."

"कोन?"

"तो काय, खाली."

थोडा वेळ शांतता. मग अगदी जवळून आवाज आला, "जित्तं हाय न्हवं?"

मी पायाची बोटं हलवली. खालून याहून जास्त बाणेदार उत्तर देता येत नाही.

"बरं बरं," तो म्हणाला, आणि माझ्या पायांना वळसा घालून गाडीभोवती फिरू लागला. मला फक्त त्याच्या चपला दिसत होत्या. एका चपलेचा अंगठा तारेने बांधलेला. त्या चपला पुढच्या चाकाशी थांबल्या, दारापाशी थांबल्या, मागे गेल्या, परत आल्या. आतेभावाने गाडी दाखवली तेव्हा मीसुद्धा इतकी नीट पाहिली नव्हती.

"साडेसहाशे किलोची गाडी मावशी, कंपनीतनं निघताना," चपला बोलू लागल्या. "त्यातनं शीटा गेल्या, काचा गेल्या, टायर-रबर गेलं. ऱ्हायलं साडेचारशे. त्यातनं गंज वजा."

इथे मला राहवलं नाही. मी खालून ओरडलो, "गंजाने वजन कमी होत नाही, वाढतं! लोखंडाला ऑक्सिजन मिळतो!" दहावीत रसायनशास्त्रात मला चांगले मार्क होते. ते इतक्या वर्षांनी कामाला येतायत असं क्षणभर वाटलं.

"मग त्यो ऑक्शिजन तुमी ठेवा दादा," चपला म्हणाल्या. "मी लोखंडाचं पैसं देतो."

आई हसली. माझी स्वतःची आई.

मग त्याने चुंबक काढलं. हे चुंबक मी नंतर नीट पाहिलं. फुटक्या स्पीकरमधलं, गोल, मधे भोक असलेलं, भोकातून सुतळी ओवलेली. त्याने ते बॉनेटवर सोडलं. टक्क. दाराच्या वरच्या भागावर सोडलं. टक्क. मला खाली पडल्या पडल्या बरं वाटायला लागलं. मग त्याने ते ड्रायव्हरच्या दाराच्या खालच्या भागावर लावलं आणि ते घसरलं. घरंगळत आलं आणि माझ्या गुडघ्याशी पडलं. त्याने सुतळीने ओढून घेतलं, परत लावलं. परत घसरलं. तीन इंच पुढे लावलं. घसरलं.

"पत्रा हाय कुटं मावशी?" तो म्हणाला. "ही समदी पुट्टी. पुट्टीला भाव नसतो."

आता ही पुट्टी, म्हणजे पत्र्यातले खड्डे बुजवायचा लगदा, दारात कशी आली ते सांगायला हवं. त्या दाराखाली माझे तीन रविवार गेलेत. दाराच्या तळाला हाताचा पंजा जाईल एवढं भोक होतं. पत्र्याचा तुकडा वेल्ड करून घ्यायचा तर गाडी वेल्डरकडे न्यायला हवी, आणि गाडी चालत नव्हती. वेल्डरने घरी यायचं कबूल केलं, तो दिवाळीपासून येतोय. शेवटी मी पुट्टीचा डबा आणला. पुट्टीत हार्डनर घालून कालवतात. कमी पडला तर ती आठवडाभर ओली, जास्त पडला तर दोन मिनिटांत दगड. पहिल्या खेपेला ती मी ज्या थाळीत कालवली त्या थाळीतच दगड झाली. थाळी स्वयंपाकघरातली होती. तो विषय आमच्याकडे अजून मिटलेला नाही. मग ८० नंबरचा पॉलिशपेपर, मग २२०, मग ४००, पाणी मारत मारत घासणं. बोटांची टोकं इतकी गुळगुळीत झाली की फोन माझा अंगठा ओळखेना. पण दार असं लोण्यासारखं झालं होतं की गल्लीतली दोन पोरं हात फिरवून गेली. मी स्वतः रात्री टॉर्च घेऊन एकदा हात फिरवून आलो होतो.

त्या दारावर आता तो बोटाच्या पेराने ठोकून बघत होता. टक टक. ठप ठप.

"आत पेपर भरलाय का?"

मी गप्प. भोकात पुट्टी नुसती थापली तर आत पडते, तिला मागून आधार लागतो. तो आधार मी वर्तमानपत्रांचा दिला होता. सगळेच देतात. सगळेच देत नसतील, पण माझ्यासारखे देतात.

"भरलाय," तो स्वतःच म्हणाला. "किलो-दीड किलो आसंल."

मेथीची जुडी खाली ठेवल्याचा आवाज आला. "म्हणून!" आई म्हणाली. "म्हणून मागच्या महिन्यात रद्दी कमी भरली! आणि मी तुझ्यावर संशय घेतला रे!"

"मी म्हनलंवतं की मावशी, माजा काटा बराबर हाय."

"चुकलं बाबा माझं."

पंधरा वर्षांचं भांडण माझ्या छातीवरून मिटलं. दोघं भाव ठरवायला बसले. २८ रुपयांनी साडेचारशे किलोचे १२,६०० होतात, तो म्हणाला १२,००० देतो, पुट्टी काढायची मजुरी धरून. आई म्हणाली, तेरा दे. माझे आजवर ६१,००० गेलेत, गाडीच्या किमतीसकट. हा आकडा घरात कुणाला ठाऊक नाही आणि ज्यांना हा लेख पाठवणार नाही त्यांच्यात माझी बायको आहे.

मी बाहेर सरपटत आलो तेव्हा कपाळावर ग्रीस आणि केसांत गंज होता. म्हटलं, "गाडी विकायची नाही." आवाज जरा चढलाच.

आई शांतपणे म्हणाली, "त्र्याऐंशी साली मारुती निघाली तेव्हा तुझ्या बाबांनाही हेच खूळ होतं. पन्नास हजारांच्या आसपास होती तेव्हा. मीच नको म्हटलं." आणि परत मेथी निवडू लागली. म्हणजे चाळीस वर्षांत या घरात मारुतीबाबत निर्णय एकाच माणसाने घेतलेत.

खरं सांगायचं तर गाडी विकण्याचा मोह मलाही झाला होता, पण त्याचं कारण गंज नव्हे. कारण कागद. गाडी अजून सासऱ्यांच्या नावावर आहे. ती माझ्या नावावर व्हायची तर सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात, आणि वारस पाच, त्यातली एक मस्कतला. पंधरा वर्षांवरची गाडी म्हणून पुनर्नोंदणी वेगळी. २०२२ च्या एप्रिलपासून त्याची फी ६०० ची ५,००० झाली आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना १०,००० केली. पंधरा हजारांच्या गाडीला दहा हजार फी. वर पर्यावरण कर, वर विमा, वर नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट. चोराने ही गाडी नेली तर तो दुसऱ्या दिवशी परत आणून सोडेल आणि टोचनाचे पैसे मागेल, पण प्लेट हवी. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ९६ सालच्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही, त्यामुळे नळ्याही बदलल्या. जुनं सांभाळून वापरा, वाया घालवू नका, असं लहानपणापासून ऐकत आलो. सांभाळायला गेलो की प्रत्येक खिडकीवरचा माणूस माझ्याकडे असं बघतो, जणू मी मेलेल्या माणसाला घेऊन रेशनकार्ड काढायला आलोय. हे हसण्यावारी नेतोय, पण त्या रांगेत माझ्या तीन रजा गेल्यात आणि एका रजेच्या दिवशी सर्व्हर बंद होता.

असो. भंगारवाला गाडा वळवून निघाला, पण फाटकाशी थांबला.

"दादा, मारुती आट्टशेचं दार हाय माझ्याकडं. डायवर साईड. अस्सल पत्रा."

मी काही बोललो नाही. मंगळवारी संध्याकाळी ऑफिसातून परस्पर त्याच्या वखारीवर गेलो. दार होतं. मरून रंगाचं, काच शाबूत, हँडलसुद्धा शाबूत. मी खालच्या कडेला हात लावला. त्याने न मागता चुंबक पुढे केलं. टक्क. मला त्या आवाजाने जे झालं ते पहिल्यांदा इंजिन फिरलं तेव्हाही झालं नव्हतं.

"कितीला?"

"दोन हजार."

"दार फार तर पंधरा किलो. तुमच्याच भावाने चारशे वीस होतात!"

"घेताना किलोवर दादा," तो म्हणाला, "देताना नगावर."

अठराशे दिले. चुंबक पण मागितलं. त्याचे शंभर घेतले.

दार रिक्षातून घरी आलं तेव्हा आईने फक्त विचारलं, "विकायला बोलावला त्याच्याकडून विकत आणलंस?" आता माझी पांढरी गाडी एका बाजूने मरून आहे आणि हँडब्रेकची केबल अजून तशीच आहे.

रात्री जेवण झाल्यावर चुंबक खिशात घालून शतपावलीला निघालो. शेजाऱ्यांनी गेल्याच महिन्यात मोठी नवी गाडी घेतलीय, पेढेही दिले होते. रस्त्यावर कुणी नव्हतं. बंपरला लावलं, घसरलं. प्लॅस्टिक! बरं वाटलं. मग दाराला लावलं. टक्क. चांगलंच घट्ट बसलं. सुतळीने ओढलं तर सुटेना, म्हणून जरा बाजूला सरकवून काढलं.

ओरखडा बारीकच आहे. दिवसा दिसत नाही म्हणतात.