माझ्या गैरहजेरीला आलेला ताप

तीन दिवस तापाने झोपून होतो. चौथ्या दिवशी साहेबांना एका ओळीची मेल टाकली : 'माय ॲब्सेन्स रिझल्टेड इन फीव्हर.' दहा मिनिटांत उत्तर आलं, तेही सगळ्या विभागाला : 'हूज फीव्हर?' आणि पुढे एक हसरा चेहरा.

म्हणजे मी आलो नाही म्हणून कुणाला तरी ताप भरला. वास्तविक मी नसलो की आमच्या विभागाचा ताप उतरतो.

'फ्रॉम' हवं होतं, 'इन' पडलं. बस्स. पण आमच्या अकाउंट्समधले एक निवृत्तीला टेकलेले गृहस्थ खुर्ची ओढून माझ्या टेबलाशी बसले. "अहो, सोपं आहे. हा ताप," म्हणत त्यांनी माझा स्टेपलर उचलला. "ही तुमची गैरहजेरी." पाण्याची बाटली. "आणि मधे हे रिझल्ट." पंचिंग मशीन. "आता सांगा, गैरहजेरी कुठून आली?"

"माझ्या बॅगेतून."

"चेष्टा नको! तापातून आली. बाटलीपासून सुरुवात केली तर फ्रॉम, स्टेपलरपासून केली तर इन." एवढ्यात शेजारची मुलगी आली आणि कागद टाचायला स्टेपलर घेऊन गेली. "ताप गेला," मी म्हणालो. त्यांनी शांतपणे स्वतःची चष्म्याची डबी ताप म्हणून मांडली. मग लीड टू, गिव्ह राइज टू, अराइज फ्रॉम, स्टेम फ्रॉम अशी सगळी वरात निघाली. 'कॉज'पुढे मात्र काही लावायचं नाही. का? "नाही लावत." उठताना म्हणाले, "तुमची चूक झाली ती ड्यू टू बिकॉज ऑफ घाई." आणि बिनचष्म्याचे निघून गेले. ताप माझ्याच टेबलावर राहिला.

त्या 'स्टेम'ने तर रात्री झोप उडवली. शब्दकोशात पाहिलं : स्टेम म्हणजे देठ, खोड. त्यापुढे फ्रॉम आला की 'उगम पावणे'. फ्रॉम गाळला की 'थोपवणे'! हे म्हणे वेगळंच क्रियापद, नुसतं दिसायला जुळं. म्हणजे 'फ्रॉम' विसरलो असतो तर माझ्या गैरहजेरीने तापाला आळा घातला असता. 'डिराइव्ह'च्या पोटात लॅटिन ओढा आहे, मूळ अर्थ पाणी वळवून नेणं. 'काँट्रिब्यूट टू' मला सगळ्यात आवडतं. धूर खोकल्याला वर्गणी देतो, धूळही देते. पावती कुणीच फाडत नाही.

आपल्याकडे एक 'मुळे' आहे. तापामुळे गैरहजेरी म्हणा, नाहीतर गैरहजेरी तापामुळे म्हणा. मुळे ज्याला चिकटलं तो आरोपी. वाक्य उलटं टांगलं तरी तो सुटत नाही. शिवाय ते आलंय 'मूळ'वरून. इंग्रज देठापाशी घोटाळतो, आपण थेट मुळाला हात घालतो.

पण याचं कौतुक कुणाला? गेल्याच महिन्यात साहेबांच्या सहीची मराठी सूचना फलकावर लागली होती : 'तांत्रिक कारणामूळे'. मू दीर्घ, चांगला ठसठशीत. मूळमधला मू दीर्घ असतो, मुळेमध्ये ऱ्हस्व होतो, हे शाळेत छडी खाऊन शिकलो आम्ही. त्या मूवर कुणी हसलं नाही, सगळ्या विभागाला मेल टाकून 'कोणतं मूळ?' असं विचारलं नाही. मीही नाही. इंग्रजीत चुकलं की माणूस अडाणी, मराठीत चुकलं की 'भावना पोचल्या ना?' माझ्याही भावना पोचल्याच होत्या की! अंगात ताप होता, हे काय साहेबांना कळलं नव्हतं?

काल रजेचा अर्ज परत आला. शेरा : 'कारण स्पष्ट करावे.' या वेळी नुसतं 'फीव्हर' लिहिलं. क्रियापद घातलंच नाही.