‘मुंबईत निसर्ग उरलाच नाही’ म्हणे!

‘मुंबईत निसर्ग उरला नाही. नुसतं काँक्रीट. उरलंय तिथे बिबट्याची भीती आणि कचरा. रान बघायचं तर गाडी काढा, घाट चढा.’ पावसाळा लागला की हा मजकूर हमखास फिरतो. त्यातलं एकेक वाक्य तपासू.

नुसतं काँक्रीट? संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे. एका अंगाला बोरिवली-कांदिवली, दुसऱ्या अंगाला मुलुंड-ठाणे. ऐन, पळस, काटेसावर आहेत, आणि कितीतरी वर्षांतून एकदाच फुलणारी कारवीही. २०१६ नंतर ती २०२४ ला फुलली, तेव्हा डोंगरउतार जांभळे झाले होते. विहार आणि तुळशी हे तलाव याच जंगलात आहेत. त्यांचं पाणी मुंबई आजही पिते.

बिबट्या आहेच. पण रान नाही आणि बिबट्या आहे, हे दोन्ही एकदम कसं खरं असेल? दिवसा, खुल्या केलेल्या वाटेवरून, सोबतीने चाला आणि अंधार पडायच्या आत बाहेर या.

गाडी कशाला? बोरिवली स्टेशनला पूर्वेला उतरलं की उद्यानाचं गेट पायी गाठता येतं. उद्यानाच्या ठाण्याकडच्या अंगाला असलेल्या येऊरला ठाण्याहून टीएमटीची (ठाणे महापालिकेची) बस आहे.

कचऱ्याचं म्हणाल तर धारावीजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान कचराभूमीवरच उभं राहिलंय. लोकांनी तिथे झाडं लावली, जगवली.

एक गोष्ट मात्र खरी: रान कमी होतंय. २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी गोरेगावच्या आरे कॉलनीतली दोन हजारांहून जास्त झाडं तोडली गेली. म्हणून तर ‘उरलंच नाही’ हे वाक्य मला फार खुपतं. जे नाहीच म्हणून सांगितलं, ते वाचवायला कोण येणार?

वाट सापडत नाही, अशी तक्रार पुष्कळजण करतात, ती समजण्यासारखी आहे. उद्यानातल्या शिलोंडा या पायवाटेवर आपल्या मनाने शिरायचं नसतं. तिथल्या निसर्ग माहिती केंद्रात चौकशी करून, परवानगी घेऊन जायचं. सोमवारी उद्यान बंद असतं. जाणत्या माणसाबरोबर पहिल्यांदा चालायचं असेल तर गोरेगावला फिल्मसिटीजवळ बीएनएचएसचं (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या निसर्ग-अभ्यास संस्थेचं) केंद्र आहे. हिवाळ्यात फ्लेमिंगो बघायला ऐरोलीहून खाडीत बोट जाते, पण तिची वेळ भरती-ओहोटीवर ठरते, तेव्हा आधी विचारून निघा.