म्हणे हा नियम आहे, स्ट्रॅटेजी नाही!

काल रात्री झोपायच्या आधी डोमिनियनच्या (टेबलावरच्या ढिगांतून पत्ते विकत घेत आपला डेक, म्हणजे पत्त्यांचा संच, बांधायचा खेळ) स्ट्रॅटेजी विकीवर सहज बघितलं तर माझं पान गायब. 'तीन ढीग संपवून गेम बंद करणे', चार रात्री बसून लिहिलेलं, आणि हटवण्याचं कारण काय, तर "हा नियम आहे, स्ट्रॅटेजी नाही." संपलं. टॉक पेजवर (पानाबद्दल चर्चा करायच्या जागी) एक अक्षर नाही, मला विचारणं तर लांबच, आला आणि पुसून गेला.

अरे नियम आहे म्हणजे काय? डोमिनियनमध्ये प्रोव्हिन्सचा (मोठ्या पॉइंटच्या पत्त्यांचा) ढीग संपला किंवा कुठलेही तीन ढीग संपले की गेम संपतो (पाच-सहा जण असतील तर चार ढीग), हा नियम, मान्य, तो नियमांच्या पानावर आहेच. पण अर्धा गेम झाला की कुठल्या ढिगात किती पत्ते उरलेत हे मोजत राहायचं, आपण पुढे असलो की ढीग उपसायचे, मागे असलो की शेवटच्या पत्त्याला हात लावायचा नाही, समोरच्याच्या डेकमध्ये एक्स्ट्रा बाय (त्याच टर्नला आणखी एक पत्ता विकत घ्यायची संधी) देणारं काय काय आहे ते लक्षात ठेवायचं, हे सगळं कुठल्या नियमात लिहिलंय? ही स्ट्रॅटेजी नाही तर मग दुसरी कुठलीच नाही.

पानात मी माझ्याच एका गेमचा शेवट दिला होता. समोरचा एका पॉइंटने पुढे. व्हिलेज आणि स्मिदी या कार्डांचे ढीग संपलेत, एस्टेट (दोन कॉइनला एक पॉइंट देणारा पत्ता) दोनच उरलेत. माझ्या हातात चार कॉइन, म्हणजे डची (मधल्या पॉइंटचा पत्ता) सुद्धा येत नाही, पण मार्केट खेळल्यामुळे बाय दोन. दोन्ही एस्टेट उचलले, दोन पॉइंट आले, तिसरा ढीग संपला, गेम खलास, एका पॉइंटने मी जिंकलो. आठपैकी पाच प्रोव्हिन्स तशीच टेबलावर पडलेली आणि समोरचा पुढच्या टर्नला दोन घ्यायच्या तयारीत बसलेला! नवीन माणूस दर गेमला इथेच मार खातो, आपण कशाने हरलो हे त्याला कळतसुद्धा नाही, कारण तो शेवटपर्यंत फक्त प्रोव्हिन्सच्या ढिगाकडे बघत असतो. त्याच्यासाठी लिहिलं होतं ते पान. आणि ते "नियम आहे."

आणि राहिलं काय? किंग्ज कोर्ट, गून्स आणि मास्करेड या तीन कार्डांच्या पिनचं (समोरच्याला काहीच खेळू न देणाऱ्या युक्तीचं) लांबलचक पान. समोरच्याला गून्सने तीन पत्त्यांवर आणायचं, आपला हात रिकामा ठेवायचा, मग किंग्ज कोर्टने मास्करेड (प्रत्येकाने एक पत्ता शेजारच्याला द्यायचा) तीनदा खेळून त्याचे उरलेले तिन्ही पत्ते काढून घ्यायचे. डोकं लावलंय, नाही म्हणत नाही. पण एका गेममध्ये दहा ढीग लागतात आणि ते शेकडो कार्डांतून निवडले जातात, त्यात नेमकी ही तीन एकत्र कधी यायची? आणि मुख्य म्हणजे २०१६ ला मास्करेडचे शब्द बदलले, हातात पत्ते असतील तेच पास करतात, म्हणजे नव्या नियमाने ही पिन चालतच नाही! मेलेल्या युक्तीला अख्खं पान आणि प्रत्येक गेममध्ये लागणाऱ्या गोष्टीला जागा नाही. इतिहास म्हणून मास्करेडच्या पानात दोन परिच्छेद द्या की, कोण नको म्हणतंय.

बिग मनीच्या (जवळजवळ फक्त पैशांचे पत्ते घेत जायच्या पद्धतीच्या) पानाच्या वेळीही हेच झालं होतं. "फक्त सिल्व्हर, गोल्ड आणि प्रोव्हिन्स घ्यायचं ही काय स्ट्रॅटेजी?" असं म्हणून दोन महिने अडवून धरलं. अरे तीच तर फूटपट्टी आहे. पाच पत्त्यांच्या हातात प्रोव्हिन्सचे आठ कॉइन यायचे तर पत्त्यामागे सरासरी १.६ लागते, आणि सात कॉपर (एका कॉइनचे पत्ते), तीन एस्टेटवर सुरुवात करताना ती असते ०.७. तुमचं झगमगीत इंजिन (एकमेकांना जोडून चालणाऱ्या कार्डांचा डेक) या साध्या पैशांच्या डेकला हरवत नसेल तर ते इंजिन चुकलंय. हे ज्याला कळलं नाही तो बाकीची पन्नास पानं वाचून काय करणार?

आणि ते "मर्ज करूया", म्हणजे दुसऱ्या पानात मिसळूया, म्हणणारे. मर्ज म्हणायचं, दहा परिच्छेदांची एक ओळ करायची आणि मूळ पान उडवायचं. त्याला मर्ज म्हणत नाहीत, गळा दाबणं म्हणतात. आणि "मी तीनदा जिंकलो याने" हा पुरावा देऊन दोन कार्डांच्या जोडीला स्वतःच नाव ठेवून पान काढणारे, त्यांना तर मी एडिटचा हक्कच देणार नाही. तीनदा! कुणाशी खेळलास, बाकीचे आठ ढीग कुठले होते, तीच जोडी समोरच्यानेही घेतली होती का, काही नाही.

माझी कसोटी सोपी आहे आणि टॉक पेजवर मी ती तीनदा लिहून झालोय. या गोष्टीमुळे माणूस वेगळं काहीतरी विकत घेतो का? आणि कार्डं बदलली तरी ती गोष्ट टिकते का? दोन्हीला हो असेल तर पान. पहिल्यालाच हो असेल तर त्या कार्डाच्या पानात एक भाग. एकाने तरी याला उत्तर द्यावं, नुसतं "नोटेबल नाही" म्हणून पुसून पळू नये.

पान मी आज सकाळी परत टाकलंय, एस्टेटच्या उदाहरणासकट. आता हटवायचं असेल तर आधी टॉक पेजवर या आणि सांगा, त्या चार कॉइन आणि दोन बायमध्ये तुम्ही काय घेतलं असतं.