शंभर टक्के कशाचे?

"तुमच्या मुलीची फी माफ आहे ना? मग कसलं टेन्शन?"

हे वाक्य गेल्या वर्षभरात बिल्डिंगमधल्या वहिनींकडून ऐकलं, नणंदेकडून ऐकलं, नवऱ्याच्या कंपनीतल्या लोकांकडून ऐकलं. परवा तर दूधवाल्यानेही ऐकवलं. आता पुढचा जो कोणी म्हणेल, त्याच्या हातात मी ॲडमिशनची पावती ठेवणार आहे आणि सांगणार आहे, वाच. मोठ्याने वाच.

आम्ही कळव्यात राहतो. लेक नवी मुंबईतल्या एका खासगी इंजिनीअरिंग कॉलेजात आहे. ८ जुलै २०२४चा तो शासन निर्णय आला तेव्हा ती बारावीत होती. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या, ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएसमधल्या (आर्थिक दुर्बल) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी शंभर टक्के माफ. टीव्हीवर खाली पट्टी फिरत होती, 'मुलींना उच्च शिक्षण मोफत'. आम्ही ओबीसी. नवरा म्हणाला, चला, एक काळजी मिटली. मीही मूर्खासारखी देवाजवळ साखर ठेवली.

वर्षभराने कॉलेजच्या खिडकीवर उभी होते. आतल्या माणसाने कागद चाळले आणि म्हणाला, "मॅडम, ३९,४५० भरा. आणि ट्यूशन फीचा पुढच्या तारखेचा चेक द्या."

मी म्हटलं, अहो, फी माफ आहे तिची.

"ट्यूशन माफ आहे मॅडम. फी कुठे माफ आहे?"

हे एक वाक्य कोणी मला आधी सांगितलं असतं ना, तर मी त्याला घरी बोलावून पुरणपोळी खायला घातली असती. कारण सगळी गोम तिथेच आहे. 'शंभर टक्के' हे पावतीवरच्या एका ओळीचे शंभर टक्के आहेत. ट्यूशन फीची एक ओळ, फार तर परीक्षा शुल्क. बाकीच्या ओळी आपल्या. आमच्या पावतीवर ट्यूशन १,२१,०००. ती माफ, मान्य. त्याखाली डेव्हलपमेंट फी १२,१००. म्हणजे त्यांच्या इमारतीचा विकास मी करायचा. विद्यापीठाचे वगैरे ३,८५०. डिपॉझिट ५,०००, ते परत मिळणार म्हणे, चार वर्षांनी, पावती जपून ठेवली तर. ट्रेनिंग अँड प्लेसमेंट १५,०००. पोरगी पहिल्या वर्षाला आहे हो! अजून वर्ग कुठे ते तिला माहीत नाही आणि तिच्या नोकरीचे पंधरा हजार आत्ताच? शेवटची ओळ 'इतर', ३,५००. इतर म्हणजे काय विचारलं, तर म्हणाला, "इतर म्हणजे इतर."

लेक दंडाला धरून मागे खेचत होती. "आई, इथे नको ना भांडूस." मागे रांगेत वीस आया-बाप, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तोच हिशोब.

घरी येऊन रात्री बसले शोधत. खासगी व्यावसायिक कॉलेजांची फी २०१५च्या कायद्याखालचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. त्यांच्या वेबसाइटवर कॉलेजवार आकडे आहेत, ट्यूशन किती, डेव्हलपमेंट किती. हे आकडे सगळ्यांना उघडे आहेत, पण ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीची यादी, भरताना आम्हाला कोणी सांगितलं? आम्ही मागच्या वर्षीचा कटऑफ पाहिला, स्टेशनपासून अंतर पाहिलं, कँटीनचे फोटोसुद्धा पाहिले. फी पाहिली नाही, कारण ती माफ होती! आणि मंजूर फीच्या वर प्लेसमेंटचे पंधरा हजार सक्तीने घेता येतात का, हे दुसऱ्या दिवशी लेखी विचारल्यावर ती ओळ अचानक 'ऐच्छिक' झाली. माझ्यापुरती. रांगेतल्या बाकीच्यांनी भरले असणार.

चेकची गोष्ट तर वेगळीच. सरकारचे पैसे आले नाहीत तर ट्यूशन फी आम्ही भरू, असं हमीपत्र द्यायचं, तेही बाँडवर. शंभरचा बाँड बंद झाला, आता पाचशेचा. म्हणजे माफ झालेल्या फीची हमी द्यायला मी पाचशे रुपये मोजले. सरकारकडून पैसे वेळेवर येत नाहीत असं संस्थावाले म्हणतात, तेही खरं असेल. पण मग तुम्ही दोघं मंत्रालयात जाऊन भांडा ना. मधे माझ्या चेकबुकाला कशाला ओढता?

बरं, हे सगळं निकषात बसल्यावर. आधी बसा तर खरे. आठ लाख म्हणजे आई-बापांचं मिळून, आणि तेही कापून हातात येतं ते नव्हे. नवरा रबाळे एमआयडीसीत, कागदोपत्री पगार महिना ५४,०००. माझे दवाखान्यातले ११,०००. करा बेरीज, ७,८०,०००. वर वीस हजारांची जागा शिल्लक. गेल्या वर्षी जानेवारीपासून हा माणूस ओव्हरटाइमला नाही म्हणत होता. सुपरवायझरला वाटलं तब्येत बिघडली. दिवाळीत बोनस थोडा कमी आला तेव्हा मी आनंदले. बोनस कमी आला म्हणून आनंदणारी बाई तुम्ही पाहिलीय का? आठ लाखाला एक रुपया कमी तर एक लाख एकवीस हजार माफ, आणि वर गेलात तर शून्य. मधली पायरीच नाही. थेट कडा. ज्याने हा नियम लिहिला त्याच्या घरी ओव्हरटाइम हा शब्द कधी ऐकू आला नसणार.

माझ्या भावाचा मुलगाही त्याच वर्षी लागला. मुलगा म्हणून त्याला निम्मी ट्यूशन. वहिनी माझ्याशी दोन महिने जरा तुटकच बोलत होती, जसा निर्णय मीच काढला. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं तर ऐकवत नाही. त्यांच्या नातीला कॅपच्या, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशाच्या, फेऱ्यांत हवी ती ब्रँच मिळाली नाही, म्हणून कॉलेजच्या स्वतःच्या कोट्यातून घेतली. तीच इमारत, तोच वर्ग, उत्पन्न आमच्याहून कमी. पण प्रवेश कॅपमधून नाही, म्हणून सवलत नाही. अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं तर या निर्णयातून सरळ वगळलेली, आणि नवी मुंबईत अभिमत विद्यापीठांची काय कमी आहे? त्यांच्या होर्डिंगवर स्विमिंग पूल दिसतो, ही ओळ दिसत नाही. काकूंनी ॲडमिशन झाल्यावर विचारलं. ॲडमिशनआधी विचारावं हे सुचायला तरी कोणी सांगायला हवं ना.

त्यात कॉलेजला जाण्यायेण्याचा खर्च धरलाच नाही मी. कळवा ते ठाणे, मग ट्रान्स हार्बर, मग शेअर रिक्षा. रेल्वेच्या पासला विद्यार्थी सवलत आहे, पण कन्सेशन फॉर्म कॉलेजकडून घ्यायचा, आणि तो देणारा माणूस ठरावीक वारी, ठरावीक तासच बसतो. पोरीने पहिला महिना पूर्ण भाड्याचा पास काढला. ड्रॉइंगचं साहित्य, जर्नलं, प्रिंटआउट, लॅपटॉप. लॅपटॉपचे हप्ते चालू आहेत. यातलं एकही 'फी' नाही, म्हणून यावर सवलतीचा विचारही नाही.

आता दुसरं वर्ष. म्हणजे महाडीबीटीवर, सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, पुन्हा अर्ज, रिन्यूअलचा. उत्पन्नाचा एका वर्षाचा दाखला ३१ मार्चला मेला. नवा काढायचा, त्यासाठी नवऱ्याचा फॉर्म १६ हवा, आणि कंपनी म्हणते जूनमध्ये मिळेल. कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र मेसेज येऊन पडलाय: दाखला नसल्यास पूर्ण फी भरून प्रवेश निश्चित करावा. खाली कोणीतरी हात जोडलेले इमोजी टाकलेत. मी काय टाकणार होते ते लेकीने पाहिलं आणि फोन काढून घेतला.

सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकलीय. सेवा केंद्र दहाला उघडतं, टोकन साडेनऊला संपतात.