कागदाची पट्टी आणि बर्नोली: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

कागदाच्या प्रयोगांवरचा लेख तुम्ही बारकाईने वाचलात, म्हणून उत्तरही सविस्तर देते. तुमचे दोन आक्षेप आहेत. पहिला असा की, खालच्या ओठाला टेकवून धरलेली कागदाची पट्टी तिच्यावरून फुंकर मारल्यावर वर का येते हे सांगताना मी बर्नोलीचा नियम दिला नाही. शाळेत तर सगळे तोच सांगतात. दुसरा असा की, कागदाचे तुकडे उडवणं ही करमणूक आहे, त्यात मोजमाप नाही, आणि अशाने मुलांना प्रयोगशाळेशिवाय भागवायची सवय लागते.

बर्नोलीचं नाव मी मुद्दाम टाळलं. नेहमी सांगतात ते कारण असं: वरची हवा वेगाने जाते, वेग वाढला की दाब घटतो, म्हणून खालची स्थिर हवा पट्टीला वर ढकलते. हे बरोबर असेल तर आणखी एक गोष्ट घडायला हवी. तीच पट्टी वरच्या टोकाला धरून सरळ खाली लोंबू द्या आणि तिच्या एकाच बाजूने, कागदाला समांतर, वरून खाली फुंकर मारा. एका अंगाला वेगवान हवा आहे, दुसऱ्या अंगाला स्थिर. म्हणजे पट्टी फुंकरीकडे ओढली जायला हवी. ती थोडी फडफडते, पण तिकडे उचलली मात्र जात नाही. केंब्रिज विद्यापीठातले, हवेच्या प्रवाहाचे अभ्यासक होल्गर बाबिन्स्की यांनी 2003 साली विमानाच्या पंखांवरच्या लेखात हीच तुलना मांडली होती.

मोकळ्या खोलीत सोडलेल्या फुंकरीतला दाब जवळपास भोवतालच्या हवेइतकाच असतो. तिला वेग दिला तो आपल्या फुप्फुसांनी. बर्नोलीचा नियम एकाच प्रवाहातल्या दोन जागांना लागू पडतो. फुंकर आणि पट्टीखालची स्थिर हवा यांचा प्रवाह एक नाही. नियम खराच आहे, पण इथे तो भलत्या ठिकाणी लावला जातो.

मग पट्टी उचलली का जाते? ती ओठापासून पुढे खाली वाकलेली असते म्हणून. हवेचा झोत त्या वाकलेल्या पृष्ठभागाला धरून जातो, म्हणजे तोही खाली वळतो. वाहती हवा वळायची तर वळणाच्या आतल्या बाजूचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी असावा लागतो. बाहेरच्या बाजूला खोलीतला नेहमीचा दाब आहे, म्हणून कागदालगत तो त्याहून कमी होतो. पट्टीच्या खाली मात्र नेहमीचाच दाब असतो. आता पट्टीला बोटाने वरच्या दिशेने बाक द्या आणि तशीच वरून फुंका: ती खाली दबेल. हवेचा वेग तोच, फक्त बाक उलटा.

हे सगळं सातवीच्या मुलीला एका पट्टीवर पडताळता येतं, आणि शिक्षकांनी सांगितलेल्या कारणालाही प्रश्न विचारता येतो. मला कागद आवडतो तो यासाठी. स्वस्त आहे, ही त्यानंतरची गोष्ट.

मोजमापाबद्दल. झेरॉक्सच्या कागदाच्या गठ्ठ्यावर 80 जीएसएम छापलेलं असतं, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन 80 ग्रॅम. ए-फोर आकाराचे 16 कागद मिळून एक चौरस मीटर भरतो, म्हणून एक कागद 5 ग्रॅमचा. त्याच्या पाच सारख्या पट्ट्या कापल्या की एक-एक ग्रॅमची वजनं तयार, आणि त्यातली एक अर्धी कापली की अर्ध्या ग्रॅमचं. फूटपट्टी मधोमध दोऱ्याने टांगून तराजू केला, तर जुन्या आणि नव्या एक रुपयाच्या नाण्यांच्या वजनातला फरकही त्यावर कळतो. हा हिशेब मुलांनी स्वतः काढायचा असतो, कुणी आयता द्यायचा नसतो. दोन पंखांचं कागदी हेलिकॉप्टर गॅलरीतून सोडून मोबाइलवर वेळ मोजा. दर वेळी फक्त पंखांची लांबी बदला, तिथे आलेखाचा कागद लागेलच. काळ्या स्केचपेनच्या ठिपक्यातले रंग ओल्या टिपकागदावर वेगळे होतात तेही खेळ म्हणून सोडून देऊ नका: कागदावर पदार्थ वेगळे करण्याची पद्धत याच जातीची आहे, आणि तिच्या मुळाशी असलेल्या शोधाबद्दल मार्टिन आणि सिंज यांना 1952 साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

प्रयोगशाळा हवी, यात तुमच्याशी माझा अजिबात वाद नाही. कागदावर विद्युतधारा मोजता येत नाही, अनुमापन, म्हणजे एका द्रावणाने दुसऱ्याची तीव्रता मोजणं, करता येत नाही. त्यासाठी शाळेने सामान घ्यावं, आणि घेतलेलं सामान फुटेल या भीतीने कुलपात ठेवू नये, ही मागणी आपण दोघांनी मिळून करू. पण पहिल्यांदा काचेला हात लावताना मुलाला एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आधी अंदाज लिहायचा, मग बघायचं, याची सवय झालेली असावी. ती कागदावर लागते.

तुम्ही आठवीला शिकवता असं लिहिलं आहे. एक विनंती: लोंबत्या पट्टीचा प्रयोग वर्गात करा, पण आधी प्रत्येकाकडून वहीत अंदाज लिहून घ्या आणि कारण तुम्ही सांगू नका. मुलं काय म्हणाली ते इथेच खाली लिहा, मला त्यावर पुढचा लेख करायचा आहे.